बर्फाचे आकडे

जानेवारीत भाईंदरच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मला पहिला नंबर मिळाला आणि तेव्हापासून आमच्या घराच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी मी शेवटच्या बाकावरची आयरिन होते, हजेरी घेतानासुद्धा बाईंना दोनदा नाव घ्यावं लागायचं. चषक वीतभरच होता, पण एकदा जीभ सुटली ती सुटलीच. रेशनवाल्याने रॉकेल संपलंय म्हटलं की आय मला पुढे करायची. लाईटबिलाच्या खिडकीवर मी. बसचा कंडक्टर मासळीच्या पाटीवरून कटकट करायला लागला की मी. आय आपली मागे उभी राहून आजूबाजूच्यांना सांगायची, "बोलू दे तिला, नववीत हाय." मला काय, मजाच यायची. नीट बोललं की जगातलं कुठलंही काम होतं, असं माझं पक्कं मत झालं होतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्याच आठवड्यात माझ्या भावाला ताप आला. वॉरेन सहा वर्षांचा. ताप पाच दिवसांत उतरला, आमच्या उत्तन गावातल्या डॉक्टरकडे रोज एक सुई घेऊन. पण पोरगा उठेना. एरवी हा बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्यांखालून असा सुसाट धावायचा की बायका ओरडत मागे लागायच्या. आता चुलीपासून दारापर्यंत गेला की मटकन खाली बसायचा आणि बसल्या जागी धापा टाकायचा. पप्पा होडीवर होते. समुद्रात जाऊन दोन दिवस झालेले, परत यायला अजून पाच-सहा, आणि तिकडे निरोप पोचवायला काही मार्ग नसतो. बुधवारी आयने वॉरेनला कडेवर घेतलं आणि चर्चच्या दवाखान्यात गेली. सोबत अर्थात मी.

दवाखान्यात बुधवारी आणि शनिवारी भाईंदरहून मुलांचे डॉक्टर यायचे, गुणवंतभाई. बोलणं मराठी, चाल गुजराती. त्यांनी वॉरेनच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं झोपलेच. मग पोट दाबून बघितलं, घड्याळ बघत नाडी मोजली, परत छाती ऐकली. आयकडे बघून त्यांनी सुरुवात केली, पण मी मधे इतके प्रश्न विचारले की शेवटी ते मलाच समजवायला लागले. ताप जातो, पण कधी कधी जाताना हृदयाच्या स्नायूला सूज देऊन जातो. तसं झालं तर त्या स्नायूच्या पेशी थोड्या थोड्या तुटतात, त्यांच्या आतला माल रक्तात उतरतो, आणि तो रक्तात किती आहे ते मोजता येतं. तीन तपासण्या त्यांनी चिठ्ठीवर लिहिल्या: सीपीके, एलडीएच, एसजीओटी. रक्त इथे काढायचं, पण तपासणी भाईंदरला, स्टेशनजवळच्या लॅबमध्ये. घेऊन कोण जाणार, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

रक्त मनोरमा सिस्टरनी काढलं. वॉरेनचे हात म्हणजे काड्या, शीर सापडेना. डाव्या हाताला दोनदा टोचलं, उजव्याला एकदा, मग मनगटाच्या वर चौथ्यांदा. मी त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळेनंतर त्याचा आवाजच गेला, नुसतं तोंड उघडं.

चौथ्या वेळी रक्त आलं. बूच लावलेली काचेची छोटी नळी अर्धी भरली.

"आता परत न्हाय ना?" त्याने मला विचारलं.

"परत न्हाय," मी म्हटलं. "शपथ."

मनोरमा सिस्टरनी नळी माझ्या हातात दिली आणि बजावलं, लगेच निघ, ऊन फार आहे, गरम होऊ देऊ नको. एवढंच. पण बस दीड तासाने होती आणि मी हुशार होते.

आमच्या घरात जे जपायचं असतं ते बर्फात जपतात. पापलेट, सुरमई, पप्पांची औषधाची बाटली, एकदा तर लग्नातला केकसुद्धा. मग भावाचं रक्त नुसतं हातात धरून नेऊ? मी जेवणाचा स्टीलचा डबा घेतला, बर्फाची लादी फोडून त्याचा चुरा भरला, आणि त्याच्यावर दोन मुठी जाडं मीठ टाकलं. मीठ ही माझी भर. शीतमिश्रण, नववीचं विज्ञान, बर्फात मीठ घातलं की तापमान शून्याच्याही खाली जातं. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि पूर्ण मार्क मिळाले होते. नळी मधोमध खोचली, झाकण लावलं, वरून आयचं फडकं बांधलं. आय बघत होती. म्हणाली, "शिकलेल्या पोरीचं कसं सगळं वेगळंच."

लॅबमध्ये उदय नावाचे एक बारीकसे काका होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डबा उघडून त्यांनी नळी वर काढली. ती पांढरी पडली होती आणि आतलं रक्त दगडासारखं घट्ट, काळपट.

"काय गं, कुल्फी करून आणलीस?" ते म्हणाले.

मी हसले. मला ती शाबासकी वाटली. मग ते गंभीर झाले. गोठलेलं रक्त फुटतं, म्हणाले, ह्याच्यावर काही होणार नाही, दुसरं आण. मी ऐकून घ्यायला तयारच नव्हते. आधी विनंती केली. मग सांगितलं की उत्तनहून यायला किती वेळ लागतो, डॉक्टर आता शनिवारीच येणार, माझा भाऊ सहा वर्षांचा आहे, त्याला चार वेळा टोचलंय, मी त्याच्यापाशी शपथ घेतलीय. मुद्दे एकामागून एक, मधे थांबायचं कुठे, आवाज खाली कुठे आणायचा, सगळं मला येत होतं. बाकावर बसलेल्या दोन बायकासुद्धा माझ्या बाजूने झाल्या. त्यांतली एक हिंदीत म्हणाली, कर दो ना भैया, बच्ची कितना बोल रही है.

उदयकाकांनी नळी विरघळू दिली आणि यंत्रात गरगर फिरवली. फिरवल्यावर रक्त खाली बसतं आणि वर पाण्यासारखं राहतं, ते तपासायचं असतं. आमचं वरचं पाणी रूहअफ्जासारखं लालभडक आलं.

"तू वकील हो," ते म्हणाले. "लावतो मी. पण डॉक्टरांना सांग, सॅम्पल लाल होतं. सांगशील ना?"

"सांगते की," मी म्हटलं.

रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी मिळाला. छापील कागदावर तीन ओळी टाईप केलेल्या, डावीकडे वॉरेनचा आकडा, उजवीकडे कंसात नॉर्मल किती ते. लाल सॅम्पलबद्दल कुठे काही नव्हतं, तशी जागाच नव्हती त्या कागदावर. सीपीके सहाशे चाळीस, नॉर्मल एकशे पंचाण्णवपर्यंत. एलडीएच दोन हजार शंभर, नॉर्मल चारशे साठपर्यंत. एसजीओटी एकशे अठ्ठेचाळीस, नॉर्मल चाळीसपर्यंत. बसस्टॉपवर उभी राहून मी तोंडी भागाकार केला. तिप्पट. साडेचारपट. जवळजवळ चौपट.

आणि घरी जाऊन मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवलं नसतं तर मी ती नवी आयरिन कसली. आयच्या हातातली कोयती तशीच राहिली. शेजारच्या सुलूमावशी येऊन बसल्या. मी त्यांना स्नायू म्हणजे काय, पेशी म्हणजे काय, तुटलं की रक्तात कसं उतरतं, सगळं सांगितलं. लाल पाण्याचं नाही सांगितलं. का नाही, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. तेव्हा मनात असं होतं की उदयकाकांना काम टाळायचं होतं म्हणून ते काहीतरी बोलले. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, वॉरेनचे काड्यांसारखे हात.

शुक्रवारी आय बाजारात गेली नाही. वॉरेनला तिने जमिनीवर पाय टेकवू दिला नाही, संडासला उचलून नेलं, उचलून आणलं. त्याच्या छातीवर हात ठेवून ती तासन्‌तास बसायची, जसं काही आतलं हलू नये म्हणून वरून धरून ठेवलंय. वॉरेन कंटाळून म्हणाला, मला श्वास घ्यायला जड होतंय. आय घाबरली. मी म्हटलं, तुझ्या हाताने होतंय त्याला, हात काढ. तिने काढला आणि थोड्या वेळाने परत ठेवला.

शनिवारी गुणवंतभाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतके जास्त येतील असं वाटलं नव्हतं, म्हणाले. मुलाला आजच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, तिथे भरती करून घेतील, हृदयाची औषधं सुरू करतील, ती औषधं साधी नसतात, रात्रंदिवस नजर ठेवावी लागते. चिठ्ठी लिहायला घेतली. आयने एकच विचारलं, पोराचा बाप सोमवारी-मंगळवारी येईल, तोवर थांबलं तर? डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान हलवली. नाही.

आय रडली नाही. तिने गळ्यातली माळ काढली आणि वॉरेनच्या गळ्यात घातली. माळ त्याच्या बेंबीपर्यंत आली.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, ते वरचं पाणी लाल होतं."

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं, आणि ह्या वेळी काहीच जमेना, मुद्दे उलटसुलट, बर्फ आधी का उदयकाका आधी, मीठ तर शेवटी आठवलं. वक्तृत्वात अशी बोलले असते तर घंटा वाजवून खाली बसवलं असतं. डॉक्टर पेन हातात धरून ऐकत राहिले. मनोरमा सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मीठ?" डॉक्टर म्हणाले. "मीठ कशाला, बेटा?"

"जास्त गार व्हायला."

त्यांनी रिपोर्ट दोन बोटांनी उचलला. रक्त गोठलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या पोटातल्या मालानेही हेच आकडे चढतात जे आपण हृदयामुळे चढलेत का म्हणून बघतोय. "हे आकडे तुझ्या भावाचे नाहीत. बर्फाचे आहेत."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी आयचा दंड धरला. "म्हणजे त्याला काही झालेलं नाही?"

"असं मी कुठे म्हटलं? म्हणजे मला काही माहीत नाही. बुधवारी माहीत नव्हतं, आजही नाही. तीन दिवस गेले फक्त."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मुंबईला नाहीतरी न्यावं लागेल, पण ती औषधं ह्या कागदावर सुरू करायची का नाही ते आता त्यांना लिहिता येत नव्हतं. आधी दुसरं रक्त, आज, लगेच.

वॉरेन सगळं ऐकत होता. सिस्टरनी रबरी पट्टी काढली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं.

"तू बोललीस परत न्हाय म्हणून."

त्याने आपणहून हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ह्या वेळी दोन वेळा टोचावं लागलं. तो रडला नाही. मी डोकं धरायला गेले तर डोकं काढून घेतलं.

नळी घ्यायला मी हात पुढे केला, पण आय मधे आली. "इकडं द्या. मी नेते."

सिस्टरनी तिला सांगितलं, बर्फ नको, हलवू नका, नुसती उभी धरा. वॉरेनला सुलूमावशींकडे ठेवलं आणि आम्ही दोघी बसमध्ये बसलो. आय खिडकीशी, नळी रुमालात गुंडाळून मुठीत, बूच वर. आयला वाचता येत नाही. पण डोंगरी गेलं, राई गेली, मुर्धा गेलं, प्रत्येक खड्ड्याला ती हात अलगद वर उचलायची आणि बस सरळ झाली की खाली आणायची, जसं भरलेलं ताट घेऊन कोणी दाटीतून चाललंय. कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून आवाज चढवला. आयने माझ्याकडे बघितलं नाही. मी सुटे शोधून दिले.

लॅबमध्ये उदयकाका मला बघून काहीतरी गमतीचं बोलणार होते, पण माझा चेहरा बघून थांबले. आयच बोलली. "हे बरं हाय का बघा. पोराचा बाप समुद्रात हाय." बस, एवढंच बोलली. उदयकाकांनी नळी दोन्ही हातांनी घेतली. यंत्र फिरलं, थांबलं, आणि वरचं पाणी पिवळं आलं, लिंबाच्या सरबतासारखं स्वच्छ. ते त्यांनी आम्हाला उजेडात धरून दाखवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की त्या दिवशी त्यांनी कागदावर लिहायला पाहिजे होतं, पोरीवर सोडायला नको होतं. हातातली बाकीची कामं बाजूला ठेवून त्यांनी आमचं आधी केलं.

संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन आम्ही गुणवंतभाईंच्या भाईंदरच्या दवाखान्यात गेलो. वाटेत मी तो वाचला होता, पण मोठ्याने नाही. सीपीके दोनशे दहा. एलडीएच चारशे नव्वद. एसजीओटी चव्वेचाळीस. तिन्ही आकडे छापलेल्या नॉर्मलच्या जरासे वर. जरासेच. पण वर.

मी विचारलं, वर म्हणजे सूज आहे ना? डॉक्टरांनी कागद टेबलावर सरळ केला, कोपरा दुमडला होता तो बोटाने दाबला. कंसात छापलंय ते मोठ्या माणसांचं आहे, ते म्हणाले. मुलांची अंगं वाढत असतात, मुलांचे आकडे मुळातच जास्त असतात. किती जास्त? ते त्यांच्याजवळच्या पुस्तकात एक होतं, दुसऱ्या पुस्तकात दुसरं. शिवाय तापात पाच दिवस कमरेत सुया घेतल्या, त्यानेही सीपीके चढतो. शिवाय सूज येऊन बरेच दिवस झाले असतील तर आकडा वर जाऊन परत खाली आलेला असू शकतो. बुधवारचं रक्त चांगलं असतं तर आज दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं असतं, चढतोय का उतरतोय.

बुधवारचं रक्त असतं तर. हे ते आयला म्हणाले, माझ्याकडे बघून नाही.

"मग आता काय म्हणायचं?" आयने विचारलं.

"आता हा कागद हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही."

पोटातलं यकृत वाढलेलं नाही, पायांवर सूज नाही, म्हणून रात्रीच धावायची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं. सोमवारी सकाळी मुंबईला छातीचा फोटो आणि कार्डिओग्राम. औषधाचं तिथले डॉक्टर ठरवतील. तोवर मुलाने पडून राहायचं, आणि तो झोपलेला असताना नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट. एकशे दहाच्या वर गेली आणि तशीच राहिली तर सोमवारची वाट बघायची नाही. कोण मोजेल, त्यांनी विचारलं. मी हात वर केला नाही. आय म्हणाली, "हीच मोजेल. मला शंभरच्या पुढं गोंधळायला होतं."

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली आणि सगळं गाव मिस्साला गेलं. आयसुद्धा गेली, डोक्यावर पदर घट्ट ओढून. गल्ली अशी शांत की वलांड्यांवरचे बोंबील वाऱ्यावर एकमेकांना घासायचे तेही ऐकू येत होतं. पप्पा समुद्रावर घड्याळ नेत नाहीत, ते खिळ्याला टांगलेलं असतं. ते मी मांडीवर ठेवलं आणि वॉरेनचं मनगट धरलं. सुयांची जागा हिरवी-निळी झाली होती, तिला बोट लागू नये म्हणून जरा वर धरलं. नाडी मिळाली. बोटाखाली असं बारीक, घाईघाईने काहीतरी, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. सेकंदकाटा बारावर आला तशी सुरुवात केली.

एकशे चार. परत मोजली. एकशे सात. चुकले असेन म्हणून तिसऱ्यांदा, आता ओठ हलवून. एकशे आठ.

चढतेय का? का पहिल्यांदा मी हळू मोजली? विचारायला कोणी नव्हतं. डॉक्टर एकशे दहा म्हणाले होते. एकशे आठचं काय करायचं ते काही म्हणाले नव्हते.

वॉरेन जागा झाला होता. किती वेळ झाला कोण जाणे. डोळे उघडे ठेवून तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"किती आले?"

"एकशे आठ."

"चांगले हायत का?"

आठवडाभरापूर्वी मी त्याला काय काय सांगितलं असतं. हृदय कसं चालतं, किती ठोके, का. आवाज कुठे चढवायचा तेही मला माहीत होतं.

"म्हायत न्हाय," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. मग हात परत माझ्या मांडीवर ठेवला, घड्याळाच्या शेजारी, आणि डोळे मिटून घेतले.

"मग परत मोज," तो म्हणाला.